डाव्या टॉपचा हॉर्न पुन्हा पुन्हा जातोय? गेलेला डायफ्रॅम टाकून देऊ नका

टॉप म्हणजे कार्यक्रमात स्टेजच्या बाजूला लावलेलं स्पीकरचं खोकं, हॉर्न म्हणजे त्यातला बारीक, उंच सूर वाजवणारा भोंगा, आणि डायफ्रॅम म्हणजे त्या भोंग्यामागचा हलणारा पातळ पडदा. आमच्या डाव्या टॉपचे एका सीझनमध्ये तीन डायफ्रॅम गेले. पहिला जानेवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला, दुसरा एका हळदीत आणि तिसरा चैत्रातल्या यात्रेत, ऑर्केस्ट्राच्या दुसऱ्याच गाण्याला. उजवा टॉप त्याच दिवशी घेतलेला, तोच मेक, त्याच अँपच्या दुसऱ्या चॅनलवर. त्याला ढिम्म काही झालं नाही.

हॉर्न गेला की लगेच कळत नाही, ही यातली वाईट गोष्ट. आवाज येतच असतो, फक्त तोंडावर घोंगडी टाकल्यासारखा. निवेदिकेचे ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, झांजेची किणकिण जाते. मग ऑपरेटर ट्रेबल वाढवतो. मेलेल्या हॉर्नला त्याचं काहीच नाही, पण पलीकडच्या जिवंत हॉर्नवर तो सगळा भार पडतो. एका रात्रीत दोन्ही बाजू बसतात त्या अशाच.

पहिल्या वेळी मी नवा डायफ्रॅम टाकून मोकळा झालो. दुसऱ्या वेळी अँपवर संशय घेतला, चॅनलची अदलाबदल केली, हॉर्न थोडा कमी ठेवला. तिसऱ्या वेळी मात्र चिडून तो मेलेला डायफ्रॅम घरी आणला आणि ओट्यावरच्या ट्यूबलाइटखाली धरून नीट बघितला. आधीचे दोन कचऱ्यात गेले होते. ते ठेवले असते तर तिसरा गेलाच नसता, कारण सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं.

आधी हॉर्नच गेलाय ना, ते बघा

मल्टिमीटर ओहमवर लावून टॉपच्या मागच्या सॉकेटवर तपासू नका. तिथे फक्त वूफर, म्हणजे जाड सुरांचा मोठा स्पीकर, दिसतो. हॉर्नच्या वाटेत क्रॉसओव्हरचा (जाड सूर वूफरकडे आणि बारीक सूर हॉर्नकडे वाटून देणाऱ्या सर्किटचा) कॅपॅसिटर असतो, आणि मीटरचा करंट डीसी असल्यामुळे कॅपॅसिटर तो पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे हॉर्न जिवंत असो की मेलेला, रीडिंग तेच येतं. या एका गोष्टीवरून मी एका मित्राशी फोनवर अर्धा तास भांडलोय. मागचं झाकण काढा, ड्रायव्हरची, म्हणजे हॉर्नमागच्या मॅग्नेट-डायफ्रॅमच्या डब्याची, एक वायर सोडवा आणि थेट ड्रायव्हरच्या टर्मिनलवर मोजा. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान दिसतो, १६ ओहमचा अकरा ते तेराच्या आसपास. ८ लिहिलेलं असून ६ दिसतंय म्हणून घाबरायचं कारण नाही; मीटर डीसीचा रोध दाखवतो आणि लेबलवर इम्पिडन्स असतो. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटली.

रीडिंग बरोबर आहे आणि तरी आवाज नाही, तर ड्रायव्हरला हात लावू नका. स्पीकॉनची (स्पीकरच्या वायरच्या कनेक्टरची) पिन, आतल्या वायरची क्लिप आणि क्रॉसओव्हरवरचे डाग बघा. ट्रकमधून खडबडीत रस्त्याने फिरणाऱ्या खोक्यात सुटलेली क्लिप हा रोजचा प्रकार आहे.

मेलेला डायफ्रॅम काय सांगतो

ड्रायव्हरचं मागचं झाकण तीन-चार स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते काढून डायफ्रॅम अलगद वर उचला. बहुतेकांत टायटॅनियमचा पातळ घुमट असतो, काहींत पिवळसर प्लॅस्टिकचा. त्याच्या कडेला खाली एक बारीक गोल भिंत असते आणि तिच्यावर केसासारख्या तारेचे वेढे. हीच व्हॉइस कॉइल. नाकाजवळ धरा, मग भिंगातून बघा.

वेढे काळवंडलेले, वार्निशला फोड आलेले, मधासारखा रंग असलेली भिंत कोळशासारखी, आणि मोटार जळल्यावर येतो तो वास. असं असेल तर ती उष्णतेने मेली आहे. वॅट जास्त गेले, आणि बराच वेळ गेले.

वेढे नव्यासारखे चकचकीत, पण घुमटाच्या कडेला केसाएवढ्या भेगा, कुठे टवका उडालेला, किंवा कॉइलमधून बाहेर येणारी तार वळणावर तुटलेली. इथे उष्णतेचा काही संबंध नाही. डायफ्रॅमला त्याच्या ताकदीपेक्षा लांब हलवलं गेलं, म्हणून तो फाटला.

तिसरा प्रकार म्हणजे वेढे एकाच बाजूला घासलेले, बाकी सगळं ठणठणीत. हा बसवणाऱ्याचा दोष: डायफ्रॅम मधोमध बसला नव्हता, किंवा गॅपमध्ये कचरा होता.

या तिन्हींचा इलाज वेगळा आहे. काळ्या कॉइलला लिमिटर (ठरलेल्या मर्यादेच्या वर सिग्नल जाऊ न देणारी सोय) लागतो, फाटलेल्या घुमटाला क्रॉसओव्हर बघावा लागतो आणि घासलेल्याला फक्त चांगला हात. आपण तिन्हींना एकच औषध देतो, नवा डायफ्रॅम, आणि मग कंपनीला शिव्या घालतो.

माझा तिसरा डायफ्रॅम चकचकीत होता. कडेला भेगा, एक टवका गायब.

मग मी उजवं खोकं पहिल्यांदाच उघडलं. याचं कारण एवढंच की चांगलं खोकं शेजारी असलं की सर्किट समजायची गरज पडत नाही, फरक दिसतो. उजव्या क्रॉसओव्हरवर हॉर्नच्या वाटेत ६.८ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर होता. डाव्यात त्या जागी २२ मायक्रोफॅरडचा निळा, नळकांड्यासारखा. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात वळवाच्या पावसात डावं खोकं भिजलं होतं आणि दुरुस्तीला गेलं होतं. तिथे मिळाला तो कॅप बसला. हॉर्नच्या रक्षणाला लावलेला छोटा दिवाही वायरचा तुकडा टाकून बायपास केलेला होता. त्या दिव्यातून करंट वाढला की तार तापते, तिचा रोध वाढतो आणि जादा वॅट दिवा स्वतःच्या अंगावर घेतो. तो काढून टाकणं म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा ठोकणं.

कॅपॅसिटर एकटा असता तर हिशोब सोपा आहे. ८ ओहमला ६.८ मायक्रोफॅरड लावला तर साधारण २,९०० हर्ट्झच्या वरचंच हॉर्नकडे जातं. २२ लावला की दरवाजा ९०० हर्ट्झलाच उघडतो. क्रॉसओव्हरमध्ये सोबत तारेची स्वतःची कॉइलही (इंडक्टर) असते, म्हणून खरे आकडे थोडे वेगळे येतात, पण घसरण होते ती खालीच. हॉर्नचा डायफ्रॅम मिलिमीटरच्या अंशात हलायला बनवलेला. तेवढाच आवाज काढायचा आणि फ्रीक्वेन्सी निम्मी झाली, तर त्याला दुप्पट लांब हलावं लागतं. हॉर्नच्या आवाक्याच्या खाली गेलं की त्याहून कितीतरी जास्त. ढोलकीची थाप आणि ऑक्टोपॅडचा स्नेअर त्याला रोज थोडाथोडा फाडत होता. कुठल्या गाण्यात जाईल एवढाच प्रश्न होता.

६.८ चा पॉलिप्रॉपिलीन कॅप, २५० व्होल्टचा, टाकला. दिवा परत जोडला. तो टॉप अजून चालू आहे.

चकचकीत कॉइल आणि फाटलेला घुमट दिसला, पण क्रॉसओव्हरमध्ये काही सापडलं नाही, तर ‘धप्प’ शोधा. आपल्याकडे लाईट जाते आणि जनरेटरवर चेंजओव्हर होतो, त्या क्षणी मिक्सर आधी मरतो आणि अँपच्या पोटातले मोठे कॅपॅसिटर अजून काही सेकंद भरलेले असतात. मिक्सर मरताना आणि परत उठताना जो दणका देतो तो अँप इमानाने मोठा करून स्पीकरकडे पाठवतो. मिक्सर आणि प्रोसेसर (मिक्सर आणि अँपच्या मधलं, सूर वाटणारं आणि मर्यादा घालणारं यंत्र) कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर टाकले की हा प्रकार थांबतो. फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर असताना फँटम पॉवरचं (मिक्सरमधून माईकला वीज देणारं) बटण दाबणं, चालू चॅनलची केबल उपटणं, हेही त्याच जातीचं. चालू करताना अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. हे आमच्या नव्या पोराला मी पहिल्या दिवशी शिकवतो आणि दर महिन्याला परत शिकवतो.

पुढच्या वर्षी उजवा गेला

आणि त्याची कॉइल काळीकुट्ट होती.

हळद होती, शेताच्या कडेला, उघड्यावर. अंगणाचा सेट आम्ही मैदानात लावला, कारण यजमानांनी सांगितलेली माणसं आणि प्रत्यक्ष आलेली माणसं यांचं आपल्याकडे कधीच जमत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. १० मीटरवर जो आवाज मिळतो तोच ४० मीटरवर हवा असेल तर १२ डेसिबल जास्त, म्हणजे सोळापट वॅट लागतात. ते आमच्याकडे नव्हते. फेडर मात्र होता.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला स्पीकर बंद. त्यामुळे साडेनऊ वाजता सगळ्यांच्या एकदम अंगात येतं, आणि हॉर्न जायचा असेल तर तो त्याच अर्ध्या तासात जातो. याला भुताटकी लागत नाही. चांगला ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज देणारा) स्पीकरसुद्धा अँपने दिलेल्या विजेतल्या जेमतेम ३ टक्क्यांचा आवाज करतो, बाकी सगळी उष्णता होऊन कॉइलमध्ये बसते. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर ६ ओहमचे पावणे अकरा होतात. अँपचा व्होल्टेज तोच, पण स्पीकर आता निम्म्याच्या जवळपास वॅट घेतो, आणि आवाज अडीच डेसिबल बसतो. तीन तासांच्या कार्यक्रमात शेवटी ‘दम राहिला नाही’ असं वाटतं ते हे. त्यावर ऑपरेटर काय करतो? ३ डेसिबल चढवतो, म्हणजे आधीच भाजलेल्या कॉइलला दुप्पट वॅट देतो.

अँप त्याच्या ताकदीच्या टोकाला टेकला (क्लिपिंग) की लाल दिवा पेटतो, त्याबद्दल दुकानात एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: क्लिपिंगमुळे चौकोनी लाटा तयार होतात आणि त्यातले हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) हॉर्न जाळतात. अर्धं खरं आहे. पूर्ण चौकोनी लाटेतही ८१ टक्के शक्ती मूळ सुरातच असते, तिसऱ्या हार्मोनिकमध्ये ९ टक्के, पाचव्यात ३ च्या थोडी वर. खरा घात दुसरीकडे आहे. त्याच उंचीची चौकोनी लाट साध्या लाटेच्या दुप्पट शक्ती देते, हा एक भाग. दुसरा म्हणजे बेस छताला टेकल्यावर त्याला वर जागा उरत नाही, पण तुम्ही फेडर ढकलत राहता तेव्हा गाण्यातला बारीक भाग मात्र वाढतच जातो, आणि तो जातो सरळ हॉर्नकडे. त्यात हळदीला वाजणारी रिमिक्स गाणी आधीच दाबून सपाट केलेली. पेटी-तबल्याच्या मैफिलीत थाप आणि सरासरी यांत बारा-पंधरा डेसिबलचं अंतर सहज असतं, म्हणजे कॉइलला मधेमधे श्वास घ्यायला फुरसत मिळते. रिमिक्समध्ये ती नाही.

माईकची शिट्टी हा तर याचा थोरला भाऊ. अखंड एकच सूर, दोन-तीन हजार हर्ट्झचा, पूर्ण ताकदीने. मंत्री येतात, माईक हातात घेऊन स्पीकरच्या समोर जातात, आणि पाच सेकंदांत तुमचा महिना वाया.

एक गोष्ट मी बराच काळ मोजलीच नव्हती: केबल. ३० मीटर लांब, १ स्क्वेअर मिलिमीटर जाडीची वायर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, साधारण १ ओहमचा रोध. त्यावर ४ ओहमचा लोड लावला तर स्पीकरपर्यंत पूर्ण ताकदीतली ६३ टक्केच पोहोचते. २ डेसिबल वायरमध्येच संपले. हीच वायर २.५ स्क्वेअरची घेतली की ८२ टक्के पोहोचते. इलेक्ट्रिकच्या दुकानात कुठेही मिळते. अँप स्टेजजवळ ठेवून लांब वायर सिग्नलची ओढली तर आणखी उत्तम.

लिमिटर किती वर ठेवायचा

त्यानंतर मी टॉप बाय-अँप केले: हॉर्नला वेगळा अँप, आणि मध्ये प्रोसेसर. पॅसिव्ह क्रॉसओव्हरवर चालवणाऱ्यांनी हा भाग वाचून सोडून दिला तरी चालेल, पण आकडेमोड साधी आहे. ड्रायव्हरवर एईएस किंवा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे, वॅट लिहिलेले असतात. ‘पीक’ आणि ‘प्रोग्रॅम’चे मोठे आकडे विसरा. माझा ड्रायव्हर ८० वॅटचा, ८ ओहम. लांबच्या कार्यक्रमासाठी मी निम्मे धरतो, ४०. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३२० चं वर्गमूळ, जवळपास १८ व्होल्ट. माझ्या अँपचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे ४० पट. १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ व्होल्ट. प्रोसेसरच्या आउटपुटवर हाच आकडा, डीबीयूमध्ये (सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) उणे ४.८ च्या आसपास. आरएमएस लिमिटर तिथे लावला. अँपवर गेनचं बटण २६ वर असेल तर पट २० होतात आणि आकडा दुप्पट येतो, हे विसरलात तर लिमिटर असून नसल्यासारखा. अँपच्या पुढच्या नॉबला टेप मारा. कार्यक्रमात कोणीतरी दादा येऊन तो फिरवतोच.

नवा डायफ्रॅम बसवताना

हे घाईत, स्टेजमागे, मोबाइलच्या उजेडात करू नका. जुना काढला की मॅग्नेटच्या गोल फटीत डोकावा. जळक्या कॉइलचे कण, टायटॅनियमचे तुकडे, लोखंडाचा बारीक भुगा तिथे चिकटलेला असतो, आणि मॅग्नेट तो सोडत नाही. फुंकर मारून निघत नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, बोटभर रुंद कापा, त्याच्यावर मास्किंग टेप उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि फटीत घालून एक चक्कर फिरवा. काळे ठिपके वर येतील. टेप बदला, परत फिरवा. टेप स्वच्छ निघेपर्यंत. मला एकदा अकरा वेळा बदलावी लागली. पत्रिका चांगल्या घरातली असेल तर कागद बरोबर जाडीचा मिळतो, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

काही ड्रायव्हरच्या फटीत काळं तेलासारखं द्रव असतं. ते मुद्दाम घातलेलं असतं, उष्णता मॅग्नेटकडे न्यायला. तसं असेल तर नवा डायफ्रॅम त्याच पद्धतीचा आहे ना ते आधी विचारा.

बसवताना स्क्रू एकामागून एक आवळू नका. समोरासमोरचे, थोडेथोडे. पूर्ण आवळायच्या आधी मोबाइलवरून स्वीप टोन (हळूहळू चढत जाणारा सूर), अगदी हळू आवाजात, हजार हर्ट्झपासून वर सोडा. कुठे कागद फडफडल्यासारखं वाजलं तर कॉइल घासतेय. स्क्रू सैल करा, केसभर सरकवा, परत ऐका.

शेवटी पोलॅरिटी. लाल आणि काळी उलट जोडली तर हॉर्न वाजतो, पण क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात वूफर आणि हॉर्न एकमेकांना खातात आणि गाणाऱ्याचा गळा मागे गेल्यासारखा वाटतो. मग परत फेडर. वूफरची पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलने बघता येते: प्लसला प्लस लावला की कागद बाहेर यायला हवा. हॉर्नवर सेल लावू नका.

डुप्लिकेट डायफ्रॅमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दिसायला हुबेहूब, ओहमही तेच. पण घुमटाचा धातू आणि कडेची घडी वेगळी असते, त्यामुळे डाव्या-उजव्याचा आवाज जुळत नाही. टाकायचाच असेल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी टाका आणि लिमिटर अजून खाली आणा.

गिटारवाल्याचा स्पीकर हा वेगळाच प्राणी

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याच्या कॉम्बोचा (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) १२ इंची स्पीकर दोनदा फाटला. त्याची केस मात्र एका वाक्यात सुटली. ‘‘मॉनिटर कमी पडतो ना, म्हणून ऑक्टोपॅड यातच लावतो आम्ही.’’

गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही वाजवत नाही आणि खाली ७०-८० पर्यंतच जातो. कागद हलका, कडेची घडी कागदाचीच आणि कडक, हलायची मुभा अगदी थोडी. त्यामुळेच तो गिटारला गोड लागतो आणि त्यामुळेच ऑक्टोपॅडच्या किकने फाटतो. त्याने तिसऱ्या वेळी शहाणपणा म्हणून साउंडचा ३०० वॅटचा १२ इंची वूफर आत बसवला. तो फाटला नाही. पण गिटारचा आवाज मेला, कारण तो वूफर वॅट जिरवण्यासाठी बनवलेला, जड कागदाचा. कॉम्बोच्या थोड्या वॅटमध्ये तो जागाच होत नाही.

गिटारचा स्पीकर निवडताना वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघा. सेलेस्टियनचा २५ वॅटचा ग्रीनबॅक आणि त्यांचाच ६० वॅटचा व्हिंटेज ३० घ्या. पहिला ९८ डेसिबल, दुसरा १००. तोच अँप, तेच वॅट, आणि दुसरा २ डेसिबल मोठा. अँप दीडपटीहून मोठा घेतल्यासारखं. पण ग्रीनबॅकचा आवाज लवकर फुटतो (करकरीत होतो) आणि ते फुटणंच अनेकांना हवं असतं, म्हणून ही निवड कानाची आहे, मीटरची नाही. वॅटचा हिशोबही सांभाळा. व्हॉक्स कंपनीच्या काही एसी-३० गिटार अँपमध्ये १५ वॅटचे दोन सेलेस्टियन ब्ल्यू असतात, बेरीज बरोबर ३०. पण व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप आवाज करकरीत होईपर्यंत चढवून वाजवला की लिहिलेल्यापेक्षा जास्त वॅट बाहेर पडतात. एकच स्पीकर असेल तर मी अँपच्या दुप्पट वॅटचा घेईन.

ओहमची गल्लत इथे फार होते. ट्रान्झिस्टर अँपला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम चालत नाहीत, जास्त चालतात, आवाज थोडा पडतो इतकंच. व्हॉल्व्ह अँपला जेवढे लिहिलेत तेवढेच द्या, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

जो गिटारवाला अँप न आणता गिटारचा इफेक्ट प्रोसेसर थेट मिक्सरला लावतो आणि ‘तुमचे हॉर्न किंचाळतात’ म्हणतो, त्याला प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरसारखा आवाज करणारी सोय) चालू करायला सांगा. नसेल तर त्याच्या चॅनलला ५ हजारच्या वर कात्री लावा. डिस्टॉर्शनचा तो बारीक करकराट हॉर्नलाही नको असतो आणि पहिल्या रांगेतल्या आजींनाही.

पावसाळ्यात

आमचे स्पीकर जूनपासून गणपतीपर्यंत गोडाऊनमध्ये असतात. कागदाच्या कोनला बुरशी येते, टर्मिनलवर हिरवा गंज चढतो, आणि पोर्टमधून (खोक्याच्या हवेच्या भोकातून) उंदीर आत जाऊन आतल्या कापसावर संसार थाटतो. पोर्टला जाळी ठोका, खोकी फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तासभर हळू आवाजात वाजवा. कॉइलच्या उबेने आतला दमटपणा थोडा कमी होतो. विसर्जनानंतर गुलाल हा वेगळा ताप. वूफरच्या मॅग्नेटच्या मागे जे भोक असतं त्यातून तो आत जातो आणि दमट हवेत गॅपमध्ये लगदा होतो. मिरवणुकीच्या आधी त्या भोकावर पातळ मलमलीचं कापड लावलं तर हवाही खेळते आणि गुलालही अडतो. ते दर वर्षी बदलायचं.

आणि शेवटची केस, मागच्याच महिन्यातली. मॉनिटरमधून ठराविक एका सुराला खर्र आवाज. पोरगा म्हणाला, ‘‘काका, कॉइल घासतेय.’’ वूफर काढला. दोन्ही हातांची बोटं कोनवर सगळीकडून सारखी ठेवून हळूच आत दाबला, तर कुठे घासत नव्हता. ओहम बरोबर. परत बसवला, परत खर्र. दुसरा वूफर टाकला, तरी खर्र. दीड तास गेला. मग पोराने सहज खोक्याला टेकून हात ठेवला आणि आवाज थांबला. जाळीचा खालचा उजवा स्क्रू सैल होता.